बिडाच्या ब्लॉकमध्ये तुटलेला बोल्ट: आटे शाबूत ठेवून कसा काढायचा

बोल्ट तुटला की ते कानाआधी हाताला कळतं. कडक लागणारा पाना एकदम हलका पडतो आणि गोटीत नुसतं डोकं येतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत घाईघाईने जे केलं जातं, त्यावर इंजिनचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक वाचणार की नाही हे ठरतं. म्हणून पाना खाली ठेवा आणि आधी एवढंच बघा: बोल्ट कसताना तुटला की खोलताना?

कसताना तुटला असेल तर आटे जाम नसतात, बोल्ट फक्त जास्त ताणाने गेलेला असतो. असा तुकडा पुष्कळदा टोकदार सळईने कडेला टोचत डावीकडे ढकलला तरी फिरतो. तो काढायला वेल्डिंग मशीन आणण्याची गरज नाही. खोलताना तुटला असेल तर मात्र तुकडा गंजाने धरलेला आहे. ज्याने अख्ख्या बोल्टला दाद दिली नाही, तो गंज अर्ध्या तुकड्याला सहज सोडणार नाही.

खानदेशात हा दुसरा प्रकारच जास्त. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात डिझेल पंपाच्या इंजिनातून विहिरीचंच पाणी फिरवतात आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्येही कूलंटऐवजी बोअरचं क्षारांचं पाणी ओततात. हेडचे किंवा वॉटर पंपाचे जे बोल्ट पाण्याच्या जॅकेटला लागून असतात, त्यांच्या आट्यांत हे पाणी झिरपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमध्ये तो पाचरीसारखा बसतो. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे स्टड पाण्याने नव्हे, तापून-निवून खराब होतात. ते आतून ठिसूळ झालेले असतात आणि खोलताना सगळ्यात जास्त तेच तुटतात.

आधीची तयारी

पाणी पूर्ण काढून टाका. जॅकेटमध्ये पाणी असेल तर ब्लॉक तापतच नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. हेड उतरलेलं असेल तर सिलिंडरच्या तोंडात कापडाचे बोळे घट्ट बसवा आणि ऑइलच्या वाटा ग्रीसने बुजवा, कारण लोखंडाचा एक कीस बेअरिंगपर्यंत गेला तरी पुढे क्रँकचं काम निघतं. डोळ्यांवर गॉगल हवाच.

भोक आरपार आहे की आंधळं (तळ बंद असलेलं), आणि खोली किती, हे शेजारच्या चांगल्या भोकात सळई घालून मोजा. तो आकडा खडूने ब्लॉकवर लिहून ठेवा, ड्रिल मारताना लागतो.

मग रस्ट सोडवणारं ऑइल. स्प्रे नसेल तर ॲसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं) ऑइल निम्मं-निम्मं मिसळा. हे मिश्रण पटकन पेट घेतं, जवळ आग नको. तारेच्या ब्रशने कडा साफ करून दोन-तीन थेंब सोडा आणि तुकड्याच्या डोक्यावर पंचाने हलके पंधरा-वीस ठोके द्या. जोराचे नको, नाहीतर तोंड पसरतं आणि तुकडा आणखी आवळतो. हे सकाळ-संध्याकाळ करा, रात्रभर मुरू द्या. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर उभा असला की एक रात्र थांबणं जड जातं, पण ही रात्र पुढचे चार दिवस वाचवते.

तुकडा वर आलेला असेल तर

पाव इंच जरी वर असेल तरी आधी गरम करा. ऑइल कापडाने पूर्ण पुसून घ्या. गॅसच्या ज्योतीने बोल्ट नव्हे, त्याच्या भोवतीचं बीड गोल फिरवत तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होऊन उडेल इतकं. लाल करायचं नाही. बीड एका जागी जास्त तापून एकदम निवलं की तडकतं, म्हणून वरून पाणीही ओतू नका. मे महिन्यात अंगणातला ब्लॉक हाताला चटके देतो, पण ती ऊब इथे कामाची नाही: उन्हात बोल्ट आणि ब्लॉक सारखेच तापतात. आपल्याला दोघांत फरक हवा आहे. गरम असतानाच मेणबत्ती आट्यांच्या कडेला टेकवा, वितळलेलं मेण आत ओढलं जातं. मग व्हाइस ग्रिपने फिरवा, पण एकाच दिशेने जोर लावू नका. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, ऑइल, पुन्हा डावीकडे. किरकिर आवाज आला तर आटे सुटू लागले समजा.

ग्रिप घसरत असेल तर नट वेल्ड करा. जाम बोल्टसाठी सगळ्यात भरवशाचा उपाय हाच, कारण तो ओढून काढतो आणि आतून तापवतोही. एम १० च्या (म्हणजे १० मिमी जाडीच्या) तुकड्यावर आधी वॉशर ठेवा, त्यावर त्याच मापाचा किंवा एक माप मोठा नट. नटाच्या आतून, तुकड्याच्या मधोमध २.५ मिमीचा रॉड ७० ते ९० अँपिअरवर टेकवून भोक भरत या. साधा ६०१३ रॉड चालतो, ७०१८ अधिक चिवट. आर्क बिडाला लागू देऊ नका. अर्थिंगची क्लिप ब्लॉकलाच, शक्य तितकी जवळ लावा. ती चासीला दूर लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग जाळतो. वेल्ड झाल्यावर लगेच फिरवण्याचा मोह होतो, तो टाळा. लाली पूर्ण जाऊन तुकडा आखडू द्या. आखडतानाच गंजाची पकड सुटते. वेल्ड तुटला तर साफ करून पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला निघालेले तुकडे पुष्कळ असतात.

तुकडा पृष्ठभागाशी सपाट किंवा आत असेल तर

आता ड्रिल, आणि इथेच सगळ्यात जास्त ब्लॉक बिघडतात. तुटलेलं तोंड तिरकं असतं, पंच घसरतो, बिट कडेच्या मऊ बिडाकडे सरकतो आणि भोक तिरपं जातं. हातात धरून मधोमध ड्रिल मारता येईल या भरवशावर राहू नका.

जवळच्या टर्नरकडून एक बुश (मधोमध भोक असलेली छोटी नळी) करून घ्या. अगदी थोड्या वेळाचं काम आहे. एम १० चा तुकडा आत असेल तर बाहेरून ८.३ मिमी आणि आतून ३ मिमीचा बुश आट्यांच्या आत सरकतो आणि बिटला मधोमध धरून ठेवतो. तुकडा सपाट असेल तर मॅनिफोल्ड किंवा पट्टी शेजारच्या बोल्टांनी जागेवर कसा आणि त्या भोकात बसेल असा बुश करा. एवढ्या एका बुशने अर्धं काम होतं.

शक्य असेल तर डाव्या फेऱ्याचे बिट घ्या आणि ड्रिल उलटं चालवा. कित्येकदा ५ मिमीपर्यंत पोचता पोचता तुकडा बिटसोबत आपोआप बाहेर येतो. ३ मिमीला मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे, ५ मिमीच्या पुढे सहाशे-सातशे, ८ ला चारशे. थेंब-थेंब ऑइल, आणि दाब असा की कीस लांब निघेल. बिट नुसता घासत राहिला तर तोंड कडक होतं आणि मग एचएसएस बिट काहीच कापत नाही. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेल्या बोल्टला कोबाल्टचा बिट लागतो. मोजलेल्या खोलीची खूण म्हणून बिटवर टेप गुंडाळा. त्यापुढे गेलात तर पाण्याच्या जॅकेटमध्ये उतराल.

इझी-आउट (भोकात उलटा फिरवून तुकडा काढायचं हत्यार) हा गंजलेल्या बोल्टवर शेवटचा उपाय ठेवा. तो निमुळता असतो, आत फिरताना पोकळ तुकड्याला बाहेर फुगवतो आणि आट्यांत आणखी दाबतो. स्वतः मात्र काचेसारखा ठिसूळ. आत तुटला तर कार्बाइडच्या बरशिवाय किंवा स्पार्क इरोजन मशीनशिवाय निघत नाही. कसताना तुटलेल्या, सैल तुकड्यासाठी तो ठीक.

गंजलेल्यासाठी ३, ५, ७, मग ८ मिमी असं वाढवत जा. भोक मधोमध असेल तर ८ मिमीनंतर आट्यांत बोल्टची पातळ पोकळी उरते. ती टोकदार सळईने एका बाजूने आत वाकवा, स्प्रिंगसारखी गुंडाळत बाहेर येते. मग एम १० × १.५ चा (दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, ऑइल लावून हाताने: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप कडक वाटला तर थांबा, तुटलेला टॅप तुटलेल्या बोल्टपेक्षा वाईट. एम ८ साठी टॅपच्या भोकाचं माप ६.८, एम १२ ला १०.२.

आटे गेलेच, तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे म्हणून बसवायची तारेची स्प्रिंग. किटमधल्याच मापाचा बिट आणि टॅप वापरा. स्प्रिंग पृष्ठभागापासून पाव ते अर्धा आटा खाली बसवा. स्प्रिंगच्या टोकाची शेपटी तोडल्यावर ती ग्रीस लावलेल्या सळईने उचला. ती स्टेनलेसची असते, मॅग्नेटला येत नाही.

हे सगळं बिडाच्या ब्लॉकचं. ॲल्युमिनियमच्या सुट्या हाउसिंगमध्ये लोखंडी तुकडा अडकला असेल तर तुरटीचं गरम, दाट पाणी कामाला येतं: त्यात लोखंड हळूहळू विरतं, ॲल्युमिनियम टिकतं. काही दिवस लागतात आणि हाउसिंगमधले इतर लोखंडी भाग आधी काढावे लागतात. बिडाला तुरटी लावू नका, ते लोखंडच आहे, खाल्लं जाईल.

नवा बोल्ट बसवताना

भोक आधी कोरडं करा. आंधळ्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असताना बोल्ट कसला, तर द्रवाला जायला जागा नसते आणि त्या दाबाने ब्लॉक फुटतो. हवा मारा, कापडाचा बोळा सळईला गुंडाळून पुसा. आरपार भोक पाण्यात उघडत असेल तर आट्यांना सीलंट लावायचंच.

बोल्टची लांबी जुन्याशी जुळवा. बिडात एम १० चे किमान १२ ते १५ मिमी आटे धरलेले हवेत आणि बोल्ट तळाला टेकता कामा नये. ८.८ ग्रेडच्या एम १० ला कोरड्या आट्यांवर साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, एम ८ ला २५. तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली तर टॉर्क पाचव्या हिश्श्याने कमी ठेवा, कारण घर्षण घटलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. मॅनिफोल्डच्या स्टडला ही पेस्ट लावाच. हेडच्या बोल्टला मात्र कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेच, आणि जे ताणून बसवायचे असतात ते दुसऱ्यांदा वापरू नका. मग रेडिएटरमध्ये कूलंट भरा, बोअरचं पाणी नव्हे.