‘जर्मनी अण्वस्त्र घेणार’ ही बातमी कशी तपासायची

असा मथळा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: कोणाचं अण्वस्त्र? जर्मनीचं स्वतःचं, जर्मन भूमीवर ठेवलेलं अमेरिकेचं, की फ्रान्सच्या अण्वस्त्रांनी मित्रदेशांना द्यायच्या संरक्षणाचं छत्र? तिन्ही प्रकरणं वेगळी आहेत. नेता बोलतो तिसऱ्याबद्दल आणि मथळा लागतो पहिल्याचा, हा नेहमीचा घोटाळा.

बातमी स्वतःच्या बॉम्बची असेल तर करार उघडा. पश्चिम जर्मनीने 1954 मध्येच आपल्या भूमीवर अण्वस्त्रं न बनवण्याची हमी दिली होती. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर तिने 1969 मध्ये सही केली आणि 1975 मध्ये तो मंजूर केला. या करारातून तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, म्हणून ‘जर्मनी मनात आणलं तर सुटेल’ असं लिहिलं जातं. पण एकीकरणाच्या वेळचा, दोन जर्मनी आणि चार विजेत्या सत्ता यांच्यातला 1990 चा ‘दोन अधिक चार’ करार विसरला जातो. त्याच्या कलम 3 मध्ये अण्वस्त्रं बनवणं, बाळगणं आणि त्यांवर ताबा ठेवणं, तिन्हींचा त्याग आहे आणि बाहेर पडण्याची तरतूदच नाही. या दुसऱ्या कराराचा उल्लेख नसलेलं विश्लेषण अर्धवट समजा. बॉम्बच्या दिशेनेही नेऊ शकणारं युरेनियम समृद्ध करण्याचं तंत्र जर्मनीकडे आहे, ग्रोनाऊ गावात तसा कारखाना आहे, हे खरं. पण ती कंपनी ब्रिटन आणि नेदरलँड्ससोबतच्या भागीदारीतली आहे आणि कारखान्यावर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची नजर असते.

जर्मनीतल्या ब्यूखेलच्या हवाई तळाचा उल्लेख असेल तर विषय अमेरिकेच्या बी-61 बॉम्बचा आहे. ते तिथे असल्याची अधिकृत कबुली दिली जात नाही, त्यामुळे नेमका आकडा छापलेला दिसला तर तो अंदाजच धरा. बॉम्बचा ताबा अमेरिकी सैनिकांकडे असतो आणि तो वापरण्याची परवानगी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची. जर्मनी देते विमान आणि वैमानिक. म्हणजे आपलं विमान उडवायला बर्लिन नकार देऊ शकतं, पण बॉम्ब स्वतःच्या मर्जीने वापरू शकत नाही. जुन्या टोर्नेडोच्या जागी 35 एफ-35ए विमानं मागवली आहेत. ‘नवी अण्वस्त्र क्षमता’ म्हणून ही खरेदी रंगवली जाते तेव्हा सावध व्हा: काम जुनंच, विमान नवं.

फ्रान्सच्या छत्राची बातमी सर्वात निसरडी. फ्रान्सबद्दल बराच काळ मांडला गेलेला अंदाज 290 च्या आसपास अण्वस्त्रांचा आहे. चार पाणबुड्यांपैकी किमान एक सतत समुद्रात असते, शिवाय राफेलवरची क्षेपणास्त्रं आहेत. फ्रान्स नाटोच्या अणुनियोजन गटात बसत नाही आणि मार्च 2025 मध्ये मित्रदेशांशी चर्चेची तयारी दाखवतानाही राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी निर्णय फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्याच हाती राहील असं बजावलं. म्हणून क्रियापदं नीट वाचा. ‘चर्चा’, ‘संयुक्त सराव’ आणि ‘तैनाती’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. फ्रान्सची आणि ब्रिटनची अण्वस्त्रं सरसकट एकत्र मोजून ‘अमेरिकेविना युरोप’ असं गणित मांडलेलं असेल, तर ब्रिटनची ट्रायडेंट क्षेपणास्त्रं अमेरिकी बनावटीची आहेत, एवढं त्यात टिपून ठेवा.

पैशांचे आकडेही गुंततात. जर्मन लष्करासाठीचा 2022 चा 100 अब्ज युरोंचा निधी एकदाचा होता, वार्षिक नव्हे. मार्च 2025 च्या घटनादुरुस्तीने संरक्षणावरचा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1 टक्क्यापुढचा खर्च सरकारी कर्जावरच्या घटनात्मक मर्यादेतून वगळला. नाटोच्या 5 टक्के खर्चाच्या लक्ष्यात प्रत्यक्ष संरक्षणाचे 3.5 आणि पूरक खर्चाचे 1.5 आहेत, मुदत 2035.

खरा बदल बॉम्बच्या वादात नाही, तो रशियाच्या शेजारच्या लिथुआनियात आहे. तिथे जर्मनी एक अख्खी ब्रिगेड कायमची ठेवते आहे: सुमारे 4800 सैनिक, 2027 अखेर पूर्ण सज्ज. हल्ला झालाच तर पहिल्या दिवसापासून जर्मन सैनिक लढाईत असतील, आणि हा धाक दाखवायला अमेरिकेच्या किंवा फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागत नाही. सैनिकांची संख्या वाढवण्याने 1990 चा करार मोडेल का, हा प्रश्नही अधूनमधून येतो. कराराची सैन्यसंख्येची मर्यादा 3,70,000 आहे, सरकारचं लक्ष्य 2,60,000 सक्रिय सैनिकांचं.

एखादी घोषणा कितपत खरी, हे पाहायचं असेल तर जर्मन संसदेच्या, म्हणजे बुंडेस्टागच्या, अर्थसंकल्प समितीकडे पाहा. 2.5 कोटी युरोंवरची प्रत्येक संरक्षण खरेदी तिथून मंजूर व्हावी लागते. प्रस्ताव तिथे पोचलेला नसेल, तर तूर्त हाती आहे ते फक्त भाषण.