विंडोज ११ मध्ये फोल्डर कसे शोधावेत, आणि दोन 'डॉक्युमेंट्स'चा घोळ कसा निस्तरावा

विंडोज १० वरून ११ वर आलं की पहिले काही दिवस एकच तक्रार असते: फाइल होती तिथे नाही. बहुतेक वेळा फाइल जागेवरच असते, फक्त तिथे जायची वाट बदललेली असते. याला एकच मोठा अपवाद आहे. वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स खरोखरच दुसरीकडे हलवलेले असतात. तिथे चूक झाली तर फाइल्स जाऊ शकतात, म्हणून त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. बाकीच्या गोष्टी पाच-दहा मिनिटांच्या आहेत.

या विषयावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत) बदल करून राइट क्लिकचा जुना मेनू आणा, किंवा जुनं रूप देणारं एखादं सॉफ्टवेअर टाका. दोन्ही करू नका. अशा गोष्टी मोठ्या अपडेटनंतर मोडतात आणि कधीकधी फाइल एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर दाखवणारी विंडोच, धड उघडेनासा होतो. जे हवं ते सगळं विंडोजमध्येच आहे, फक्त शोधावं लागतं.

सुरुवातीचं पान बदला

विंडोज की आणि ई दाबलं की 'होम' नावाचं पान उघडतं. त्यावर पिन केलेले फोल्डर आणि अलीकडे उघडलेल्या फाइल्स असतात, ड्राइव्ह मात्र दिसत नाहीत. वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स' उघडा आणि 'जनरल' टॅबमध्ये 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू'समोर 'धिस पीसी' निवडा.

त्याच टॅबमध्ये खाली 'प्रायव्हसी' आहे. तिथली 'शो फ्रीक्वेंटली यूज्ड फोल्डर्स'ची खूण काढून टाका. ती असेल तर यादीतले फोल्डर आपोआप येत-जात राहतात आणि हाताला सवय लागत नाही. रोजचे फोल्डर राइट क्लिक करून 'पिन टू क्विक ॲक्सेस'ने स्वतः लावा. सहा-सातच लावा, वीस लावले तर पुन्हा शोधाशोध आलीच.

डावीकडची यादी तुमच्याबरोबर हलू द्या

डाव्या पट्टीत मोकळ्या जागी राइट क्लिक करा आणि 'एक्सपांड टू करंट फोल्डर' चालू करा. आता उजवीकडे जो फोल्डर उघडाल, त्याची फांदी डावीकडेही उघडेल. त्याच मेनूतला 'शो ऑल फोल्डर्स' बंदच ठेवा. त्याने कंट्रोल पॅनेल, रिसायकल बिन वगैरे सगळं यादीत येतं आणि कामाचे फोल्डर खाली ढकलले जातात.

वर जायला आल्ट आणि वरचा बाण. बॅकस्पेसवर विसंबू नका: विंडोज एक्सपीमध्ये त्याने वरच्या फोल्डरमध्ये जाता यायचं, आता ते आधी जिथे होतात तिथे नेतं. सर्चमधून एखाद्या फोल्डरमध्ये शिरून बॅकस्पेस दाबलंत तर पुन्हा सर्चच्या निकालात पोचाल. ॲड्रेस बारमध्ये दोन नावांच्या मधल्या छोट्या बाणावर क्लिक केलं की त्या पातळीवरचे सगळे फोल्डर दिसतात. शेजारच्या फोल्डरमध्ये जायला याहून झटपट मार्ग नाही.

खरा घोळ: दोन डॉक्युमेंट्स

मायक्रोसॉफ्ट खातं जोडून कॉम्प्युटर सुरू केला असेल, तर वनड्राइव्हचा बॅकअप चालू असण्याची दाट शक्यता आहे. हा बॅकअप नुसती प्रत काढत नाही. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत नेतो, आणि डाव्या पट्टीतलं 'डॉक्युमेंट्स' तिकडे उघडू लागतं. काही प्रोग्रॅम मात्र विंडोजला न विचारता ठरलेल्या जुन्या पत्त्यावरच लिहितात. मग सी ड्राइव्हवर 'यूजर्स'मध्ये तुमच्या नावाखाली एक डॉक्युमेंट्स तयार होतं आणि तिथेच 'वनड्राइव्ह'च्या आत दुसरं असतं. दोघांचं नाव एकच. प्रोग्रॅम म्हणतो फाइल सेव्ह झाली, तुम्ही उघडता तर ती नाही.

ॲड्रेस बारमध्ये नुसतं 'डॉक्युमेंट्स' दिसलं तर त्यावरून काहीच कळत नाही. त्या फोल्डरमधली कुठलीही एक फाइल निवडा, कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. फाइलचा पूर्ण पत्ता येईल. त्यात 'वनड्राइव्ह' हा शब्द असेल तर फोल्डर हललेला आहे. दुसरी खूण म्हणजे डाव्या पट्टीतल्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'लोकेशन' टॅब. तिथेही तोच पत्ता दिसतो. तो टॅब फक्त वाचायला वापरा. बॅकअप चालू असताना तिथला पत्ता बदलू नका. आणि बॅकअप नसतानाही 'मूव्ह' करून थेट एखाद्या ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या डी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्स नेऊ नका. तसं केलं की तो अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स समजला जातो आणि ते मागे फिरवताना फार त्रास होतो. आधी तिथे वेगळा फोल्डर बनवा.

आता ठरवा. दोन-तीन उपकरणांवर काम करत असाल आणि सगळं मोफत मिळणाऱ्या ५ जीबीत बसत असेल, तर बॅकअप चालू ठेवायला काही हरकत नाही. अशा वेळी सी ड्राइव्ह, यूजर्स आणि तुमचं नाव या वाटेने जुन्या डॉक्युमेंट्समध्ये जा. तिथल्या स्वतःच्या फाइल्स वनड्राइव्हमधल्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा, म्हणजे सगळं एका जागी येईल. एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःसाठी बनवलेला फोल्डर असेल तर तो तिथेच राहू द्या, नाहीतर प्रोग्रॅमला त्याच्या सेटिंग्ज सापडणार नाहीत.

बॅकअप बंद करायचा असेल तर पुढचा क्रम मोडू नका.

आधी फाइल्सच्या 'स्टेटस' रकान्यातल्या खुणा पाहा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त ऑनलाइन आहे, तुमच्या डिस्कवर तिचं नुसतं नाव आहे. हिरवी टिकची खूण म्हणजे फाइल डिस्कवर उतरलेली आहे. वनड्राइव्हमधल्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळे ढग जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा. डिस्कवर पुरेशी जागा आहे ना, ते आधीच पाहा. हजारो फोटो असतील तर रात्रभर लागू शकतं, लागू द्या. ही पायरी गाळून कोणी 'वनड्राइव्ह काढून टाका' किंवा 'खातं अनलिंक करा' म्हणालं तर ऐकू नका. तसं केल्यावर ढगाची खूण असलेल्या फाइल्स कॉम्प्युटरवर दिसेनाशा होतात. त्या वेबसाइटवर असतात, पण समोरचा फोल्डर अर्धा रिकामा पाहून घाईत भलतंच काहीतरी केलं जातं.

मग टास्कबारवरच्या वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करा, दातेरी चाकातून 'सेटिंग्ज'मध्ये जा, 'सिंक अँड बॅकअप' आणि त्यात 'मॅनेज बॅकअप' उघडा. एका वेळी एकच फोल्डर बंद करा. पहिल्यांदा डॉक्युमेंट्स, तो नीट झाला की बाकीचे. फाइल्स कुठे ठेवायच्या असं विचारलं गेलं तर कॉम्प्युटरवर ठेवायचा पर्याय निवडा.

असं विचारलं गेलं नाही, तर बंद केल्यावर डॉक्युमेंट्स उघडलं की ते रिकामं दिसेल. फार तर एखादा शॉर्टकट असेल. माणसं इथेच घाबरतात. फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डॉक्युमेंट्समध्ये शाबूत असतात. तिथे कंट्रोल आणि ए ने सगळं निवडा आणि कॉपी करून नव्या डॉक्युमेंट्समध्ये पेस्ट करा. कट करू नका, कॉपीच करा. नंतर दोन्हीकडे सगळं निवडून आल्ट आणि एंटर दाबा आणि फाइल्सची संख्या व आकार ताडून पाहा. आकडे जुळले, दोन-चार फाइल्स उघडून पाहिल्या, की मगच वनड्राइव्हमधली प्रत काढायचा विचार करा. तिथून काढलेली फाइल त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जाते. वैयक्तिक खात्यात ती वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते, तेवढ्या मुदतीत परत आणता येते. जागेची निकड नसेल तर महिनाभर ती प्रत तशीच राहू द्या.

डाउनलोड्समधले गट

डाउनलोड्समध्ये फाइल्स 'टुडे', 'लास्ट वीक' अशा गटांत पडतात आणि नावाने लावल्या तरी गट तसेच राहतात. 'सॉर्ट' बटण, 'ग्रुप बाय', 'नन'. इतकंच. दुसऱ्या एखाद्या फोल्डरची मांडणी त्याच्या जातीच्या सगळ्या फोल्डरना लावायची असेल तर 'ऑप्शन्स'च्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'अप्लाय टू फोल्डर्स' दाबा. ती फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरना लागते. फोटोंच्या फोल्डरमध्ये दाबून कागदपत्रांचे फोल्डर बदलतील अशी अपेक्षा ठेवू नका.

ओळींमध्ये फार मोकळी जागा वाटत असेल तर 'व्ह्यू' मेनूत 'कॉम्पॅक्ट व्ह्यू'. त्याच मेनूत 'शो'खाली 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. पीडीएफचं चिन्ह लावून आलेला प्रोग्रॅम ओळखायला नावाच्या शेवटचं हे शेपूट दिसायलाच हवं.

राइट क्लिक आणि टॅब

कट, कॉपी, पेस्ट, नाव बदलणे आणि डिलीट ही आता मेनूच्या वर किंवा खाली ओळीने छोटी चिन्हं आहेत. मेनू कुठल्या बाजूला उघडतो त्यावर ती ओळ वर-खाली होते, त्यामुळे नजर चुकते आणि नाव बदलायचं ते डिलीट होतं. एफ२ ने नाव बदलायची सवय लावा. जुना लांबलचक मेनू हवा असेल तर फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१०, किंवा शिफ्ट दाबून राइट क्लिक.

टॅब कंट्रोल आणि टी ने उघडतो, कंट्रोल आणि डब्ल्यू ने बंद होतो. फोल्डरवर माउसचं मधलं चाक दाबलं की तो नव्या टॅबमध्ये उघडतो. मात्र दोन फोल्डरमध्ये फाइल्स हलवायच्या असतील तर टॅब वापरू नका. फाइल धरून दुसऱ्या टॅबवर थांबावं लागतं, आणि बोट सुटलं तर ती भलत्याच ठिकाणी पडते. दोन वेगळ्या विंडो उघडा, एकीवर विंडोज की आणि डावा बाण, दुसरीवर विंडोज की आणि उजवा बाण. तरीही फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये पडली, तर दुसरं काहीही करण्याआधी कंट्रोल आणि झेड दाबा.