डिस्ने वर्ल्डमधील जेवण: या चुका टाळा

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल आखताना आपली मंडळी विमान, हॉटेल आणि तिकिटे यांचा काटेकोर हिशेब मांडतात. जेवणाचे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात आणि मग भर दुपारी भुकेल्या मुलांना घेऊन समोर दिसेल त्या काउंटरवर बर्गर-फ्राइजसाठी भरमसाट पैसे मोजतात. तेथील जेवण महाग आहेच. पण त्याच पैशांत चांगले मिळते की कसेबसे पोट भरते, हे बहुतांशी घरून निघण्यापूर्वीच ठरलेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘डायनिंग प्लॅन’ डोळे झाकून घेणे. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांनी जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याची ही योजना कोविडकाळात बंद पडली होती. जानेवारी २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तिच्यात दर रात्रीमागे ठरावीक जेवणे मिळतात, दिवसामागे नव्हे. खोलीतील तीन वर्षांपासून पुढच्या प्रत्येकासाठी ती घ्यावी लागते, दहाव्या वर्षापासून मुलांना मोठ्यांचा दर लागतो आणि न वापरलेली जेवणे मुक्काम संपला की बुडतात. शिवाय जेवणासोबत एक पेय धरलेले असते आणि एकवीस वर्षांवरील पाहुण्याला त्याऐवजी बिअर किंवा कॉकटेलही घेता येते. साध्या पाण्यावर भागवणाऱ्या, एक डिश दोघांत वाटून खाणाऱ्या आणि स्टेकच्या वाटेला न जाणाऱ्या कुटुंबासाठी हा सरळसरळ नाकापेक्षा मोती जड असा प्रकार होतो. सर्व मेन्यू दरांसह संकेतस्थळावर असतात. आपण खरोखर काय मागवू याची बेरीज करूनच निर्णय घ्यावा.

टेबलावर बसून जेवायच्या जागांचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ६० दिवस आधी मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतची आरक्षणे एकदम करता येतात. हवी ती वेळ मिळाली नाही म्हणून नाद सोडू नये. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत आरक्षण विनाशुल्क रद्द करता येत असल्याने आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी जागा मोकळ्या होत राहतात. न कळवता गैरहजर राहिल्यास मात्र सहसा माणशी दहा डॉलर कापले जातात.

प्रत्येक जेवण पार्कमध्येच घेण्याचा हट्टही तितकाच अनाठायी आहे. हॉटेलांतील उपाहारगृहांना पार्कचे तिकीट लागत नाही, आणि माझ्या मते चवीच्या बाबतीत तीच उजवी आहेत. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातील किदानी व्हिलेज या भागातले ‘सना’ हे त्याचे उत्तम उदाहरण. आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ घालणाऱ्या या ठिकाणी नान, कुलचा, पराठा यांच्यासोबत चटण्या, रायते आणि लोणची यांच्या वाट्या मांडलेली ‘ब्रेड सर्व्हिस’ येते. ती तीन-चार जणांत सहज वाटून घेता येते. जावे मात्र दुपारीच, कारण खिडकीबाहेरच्या कुरणात चरणारे जिराफ आणि झेब्रे अंधार पडल्यावर दिसत नाहीत.

शाकाहारी मंडळींची फसगत बहुधा सूप आणि सॉसमध्ये होते, कारण भाज्यांच्या सूपचा आधारही चिकनचा रस्सा असू शकतो. मेन्यूवरील हिरव्या पानाची खूण असलेल्या पदार्थात मांस, अंडी, दूध आणि मधही नसतो. त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांना ती उपयोगी पडते. कांदा-लसणाचे पथ्य असल्यास ते आरक्षणातच नोंदवावे आणि टेबलावर पुन्हा सांगावे.

काउंटरवरचे जेवण डिस्नेच्या ॲपवरून सकाळीच मागवून ठेवल्यास दुपारची रांग टळते. बाहेरचे खाणे पार्कमध्ये नेता येते, मात्र काचेचे डबे-बाटल्या आणि सुटा बर्फ चालत नाही. तेव्हा पिशवीत दशम्या आणि चिवडा असण्यात संकोच कसला? काउंटरवर बर्फाचे पाणीही फुकट मिळते, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही.

मेन्यूवरील दरात साडेसहा टक्के विक्रीकर आणि टीप धरलेली नसते. सहा किंवा अधिक जण असल्यास १८ टक्के टीप बिलातच लावली जाते; आजी-आजोबांसह गेलेले कुटुंब सहज त्या आकड्यात बसते, म्हणून खाली टीपची रक्कम लिहिण्यापूर्वी वरची ओळ वाचावी.