यार्डातलं इंजिन फोटोवरून कसं ओळखायचं

अण्णा भुसावळच्या यार्डात शंटमन होते, म्हणजे डबे जोडायचे-सोडवायचे. वाफेच्या इंजिनाचा फोटो हातात आला की आधी चाकं मोजायचे, मग बोलायचे. आता इथे ठाण्यात, कोपरीतल्या आमच्या घरी शेजारची मुलं जुने फोटो घेऊन येतात, त्यांना मी तेच शिकवते.

भिंग घ्या, पुढून मोजत या. सिलिंडरपाशी लहान चाक नाही, केबिनखालीही नाही, आणि मधली आठ चाकं (फोटोत एका बाजूची चारच दिसतात) दांड्याने जोडलेली, तर ते ०-८-०: पुढची लहान, मधली ओढणारी, मागची लहान, या क्रमाने दोन्ही बाजूंची चाकं. लहान चाकं वेगात, वळणावर इंजिन सांभाळतात. यार्डात वेग कुठला? तिथे सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच हवं. घाई मात्र नको. लहान चाक सिलिंडरच्या सावलीत लपतं. मी एकदा २-८-० ला ०-८-० म्हटलं होतं, तेव्हा अण्णांनी न बोलता भिंग पुढे सरकवलं. शिवाय इंग्लंड-जर्मनीत ०-८-० इंजिनं लांबच्या मालगाड्याही ओढत. अमेरिकन फोटो असेल तर पुढे काऊकॅचरऐवजी (रुळावरचा अडथळा बाजूला सारणाऱ्या जाळीऐवजी) शंटमनला उभं राहायची फळी दिसते का, ते बघा.

मग शेजारी उभा असलेला माणूस शोधा. चाक छातीपर्यंत आलं तर ते ताकदीचं. आपल्याकडच्या डब्ल्यूपी जातीच्या वाफेच्या इंजिनाचं चाक ६७ इंचांचं, म्हणजे माणसाएवढं, ते मेल-एक्स्प्रेसचं.

आकडे मिळाले तर गणित कराच, मला सगळ्यात आवडतं ते हे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात ठरवलेलं प्रमाणित ०-८-० घ्या: सिलिंडरचा व्यास २५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २८ इंच, वाफेचा दाब दर चौरस इंचाला १७५ पौंड, चाक ५१ इंच. २५ चा वर्ग ६२५. त्याला २८ ने, १७५ ने आणि ०.८५ ने गुणा, ५१ ने भागा. ओढ येते सुमारे ५१,००० पौंड. त्याच इंजिनाला डब्ल्यूपीचं चाक लावलं तर ३९,००० सुद्धा भरत नाही. चाक लहान का, ते मुलांना इथे कळतं.

आता वजन, २,१४,००० पौंड, ओढीने भागा. चारच्या थोडं वर येतं. चारच्या फार खाली गेलं तर चाकं जागच्या जागी फिरतात, आणि पकड यावी म्हणून रुळांवर वाळू सोडत बसावं लागतं.

उत्तर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. पेन नको, शाई पुढे उमटते.