वहीत 20 ऑर्डरी, पिक्सेलमध्ये 38: परचेस इव्हेंट ताळ्यावर आणायचा कसा

नागपूरच्या गांधीबागेतलं साड्यांचं दुकान असो की इतवारीतून संत्रा बर्फी कुरिअर करणारा, तक्रार ठरलेली असते: वहीतले आणि फेसबुकचे आकडे जुळत नाहीत. फेसबुकचा आकडा येतो पिक्सेलकडून, म्हणजे साइटवर काय घडलं ते मेटाला (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) कळवणाऱ्या छोट्या कोडकडून. अशी प्रत्येक खबर म्हणजे इव्हेंट, आणि ऑर्डर झाल्याची खबर म्हणजे परचेस. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'जुना पिक्सेल काढा, नवा टाका.' हा सल्ला कानाआड करा. जुन्या पिक्सेलवर जमलेले ऑडियन्स (जाहिरात दाखवायच्या लोकांच्या याद्या) आणि शिकलेलं सगळं त्यात वाया जातं, आणि चूक मात्र नव्या पिक्सेलमध्येही तशीच येते.

सगळ्यात आधी वही कशाशी ताडताय ते बघा. ॲड्स मॅनेजर, म्हणजे मेटावर जाहिराती चालवायची जागा, फक्त जाहिरातीमुळे आल्या असं धरलेल्या ऑर्डरी दाखवतो. साधारणपणे क्लिकनंतर 7 दिवसांतल्या आणि नुसती जाहिरात पाहिल्यावर 1 दिवसातल्या. पिक्सेलने टिपलेल्या सगळ्या ऑर्डरी इव्हेंट्स मॅनेजरमध्ये असतात. ताळा तिथेच घालायचा. ॲड्स मॅनेजरचा आकडा वहीपेक्षा कमी असणं स्वाभाविक आहे. वहीपेक्षा जास्त दिसला की गडबड नक्की समजा.

बेस कोड, म्हणजे पिक्सेलचा मूळ तुकडा, पानाच्या कोडमधल्या हेड या भागात एकदाच हवा. क्रोममध्ये मेटा पिक्सेल हेल्पर हे तपासणीचं एक्सटेन्शन घालून, ॲडब्लॉकर बंद करून साइट उघडा. एक पिक्सेल आयडी आणि एक पेजव्ह्यू (पान उघडल्याचा इव्हेंट) दिसला की पुढे चला. दोन दिसले तर थीम, प्लगइन आणि टॅग मॅनेजर या तिन्हींपैकी दोन ठिकाणी तोच कोड बसलाय. एक जागा ठेवा, बाकीच्या रिकाम्या करा. व्ह्यूकंटेंट (वस्तू पाहिली), ॲडटूकार्ट (कार्टमध्ये टाकली) वगैरे इव्हेंट प्लगइन सांभाळतो.

खरं दुखणं परचेसचं. बहुतेक साइटवर तो 'धन्यवाद' पानावर बसवलेला असतो. आता गिऱ्हाइकाचा फोन डोळ्यांसमोर आणा. इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये साइट उघडली, पैसे द्यायला यूपीआयचं ॲप उघडलं, पिन टाकला, हिरवी खूण दिसली, फोन खिशात. धन्यवाद पान उघडलंच नाही. तुमच्याकडे पैसे आले, पिक्सेलला पत्ता नाही. म्हणून परचेस सर्व्हरवरूनही पाठवावा लागतो. पैसे जमा झाल्याचा पेमेंट गेटवेचा वेबहुक (तुमच्या सर्व्हरला आपोआप येणारा निरोप) आला की त्याच क्षणी कन्व्हर्जन्स एपीआयला, म्हणजे सर्व्हरवरून इव्हेंट घेणाऱ्या मेटाच्या दाराला, इव्हेंट द्या. कॅश ऑन डिलिव्हरीत ऑर्डर नोंदली की द्या.

आणि इथेच दुसरा खड्डा. जे गिऱ्हाईक धन्यवाद पानावर परतलं, त्याची ऑर्डर ब्राउझरनेही पाठवली आणि सर्व्हरनेही. 20 चे 38 होतात ते बहुतेक वेळा असे. दोन्ही इव्हेंट एकच आहेत हे मेटाला कळायला तीन गोष्टी लागतात: पिक्सेल तोच, इव्हेंटचं नाव तेच, इव्हेंट आयडी तोच. शिवाय दोन्ही 48 तासांच्या आत पोचले पाहिजेत. आयडी म्हणून ऑर्डर नंबरच वापरा. दोन्हीकडे वेगवेगळा रँडम आकडा तयार करणारे महाभाग बरेच आहेत. तो आयडी असून नसल्यासारखा. ब्राउझरच्या कोडमध्ये हा आयडी किंमत आणि चलनाच्या कंसात कोंबायचा नाही. त्या कंसानंतर, चौथा पॅरामीटर म्हणून, स्वतःचा वेगळा कंस त्याला लागतो. चुकीच्या कंसात टाकला तर एररही येत नाही, मोजणी मात्र दुप्पट चालू राहते. या एका कंसाने जेवढं जाहिरातीचं बजेट भरकटतं तेवढं वाईट फोटोनेही भरकटत नसेल.

तिसरी गोष्ट रिफ्रेश. पार्सल कुठवर आलं ते बघायला गिऱ्हाईक धन्यवाद पान पुन्हा उघडतं आणि परचेस पुन्हा सुटतो. इथे आयडीच्या भरवशावर राहू नका. ऑर्डरवर 'ब्राउझरचा इव्हेंट पाठवला' अशी खूण डेटाबेसमध्ये ठेवा, आणि ती असेल तर धन्यवाद पानावर परचेसचा कोड छापूच नका.

किंमत नुसता आकडा हवी: 1499. रुपयाचं चिन्ह नको, स्वल्पविराम नको, चलन आयएनआर. अनेक गेटवे रक्कम पैशांत देतात, म्हणजे 149900. शंभराने न भागता तीच पुढे ढकलली की जाहिरातीवरचा परतावा शंभरपट दिसतो आणि मालक पेढे वाटतो. इव्हेंटची वेळ युनिक्स सेकंदांत (1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या) द्या, मिलिसेकंदांत नाही. त्यात भारतीय वेळेचे साडेपाच तासही मिळवायचे नाहीत. तसं केलं तर ऑर्डर भविष्यातली ठरते.

मॅच क्वालिटी, म्हणजे इव्हेंटमधलं गिऱ्हाईक मेटाला कितपत ओळखता येतं, त्याचा आकडा 10 पैकी असतो. तो कमी असेल तर फोन नंबरकडे बघा: आधीचा शून्य काढा, 91 लावा, अधिक चिन्ह नको, मग एसएचए-256 हॅश (मूळ माहिती झाकणारं सांकेतिक रूप). ईमेल लहान लिपीत, मोकळ्या जागा काढून. पिनकोड आणि शहरही हॅश करूनच. आयपी ॲड्रेस मात्र हॅश न करता, आणि तो गिऱ्हाइकाचा. तुमच्या सर्व्हरचा गेला तर सगळं नागपूर एकाच फोनवरून खरेदी करतंय असं दिसेल.

तपासणी इव्हेंट्स मॅनेजरच्या टेस्ट इव्हेंट्समध्ये. तिथला टेस्ट कोड सर्व्हरच्या इव्हेंटला जोडा. दोन खऱ्या ऑर्डरी टाका: एक धन्यवाद पानापर्यंत जाऊन, दुसरी यूपीआयनंतर ब्राउझर बंद करून. पहिलीत ब्राउझर आणि सर्व्हरचे दोन इव्हेंट येऊन एक डुप्लिकेट म्हणून बाद झालेला दिसला पाहिजे. दुसरीत एकटा सर्व्हरचा. चाचणीच्या ऑर्डरी खऱ्या आकड्यांतही मोजल्या जातात, म्हणून सगळ्यात स्वस्त वस्तू घ्या. काम झालं की टेस्ट कोड सर्व्हरवरून काढून टाका.

दुहेरी मोजणी थांबली की ॲड्स मॅनेजरमधली विक्री एका रात्रीत अर्धी झाल्यासारखी वाटेल. गल्ल्यात काहीच बदललेलं नसतं. घाबरून त्या आठवड्यात बजेट किंवा टार्गेटिंगमध्ये मोठी उलथापालथ केली, तर ॲड सेट (एकाच बजेट-टार्गेटिंगच्या जाहिरातींचा गट) पुन्हा लर्निंगमध्ये, म्हणजे मेटाच्या शिकण्याच्या टप्प्यात जातो, आणि तिथून बाहेर पडायला आठवड्याला साधारण 50 परचेस लागतात. म्हणून हे काम आंबिया बहाराची संत्री बाजारात यायच्या बरंच आधी उरका.