परसात पोपट हवेत? मग या चुका टाळा

आमचं सांगलीत हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. घरामागे परस, परसात आंबा आणि आंब्याच्या फांदीला गेली अकरा वर्षं पोपटांसाठी दाण्याचं नळकांडं टांगलेलं. ही बातमी गिऱ्हाइकांत कशी पसरली कोण जाणे, पण हल्ली महिन्याला दोघं-तिघं तरी काउंटरवर कोपर टेकून तेच गाऱ्हाणं सांगतात : "अहो, सगळं केलं, पण पोपट काही येत नाहीत." सगळं म्हणजे काय केलं ते विचारलं की त्याच त्या पाच-सात चुका बाहेर पडतात. त्यातल्या बहुतेक मीही केलेल्या आहेत, म्हणून तर चिडचिड होते.

परातीत ज्वारी

ही सगळ्यांची लाडकी चूक, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

पहिल्या वर्षी मी आईची जुनी स्टीलची परात घेतली, तीन बाजूंनी साखळ्या लावल्या आणि किलोभर ज्वारी ओतून टांगली. तिसऱ्या दिवशी दोन कबुतरं आली. मला कोण आनंद! पंधराव्या दिवशी परातीत मावत नव्हती म्हणून उरलेली खालच्या फरशीवर रांगेत उभी होती. पाण्याच्या टाकीचं झाकण पांढरं, खिडकीचं छज्जं पांढरं, दोरीवरच्या चादरी विचारूच नका. पोपट यायचे, नाही असं नाही. समोरच्या विजेच्या तारेवर बसून, मान वाकडी करून खालची गर्दी बघायचे आणि उडून जायचे, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखे. परात उतरवली तरी पुढचे तीन-चार महिने कबुतरं रोज सकाळी येऊन कठड्यावर बसायची. एकदा लागलेली सवय ती सहज सोडत नाहीत. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत केवढं रामायण झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुफ्फुसं निकामी होईपर्यंत आजार जाऊ शकतो, ही काही अफवा नव्हे. आपल्या परसात त्याची शाखा उघडायची हौस कशाला?

उपाय सोपा आहे आणि तो पोपटाच्या पायात आहे. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. शिवाय चोच तो तिसऱ्या पायासारखी वापरतो. त्यामुळे उभ्या जाळीला चिकटून, अगदी उलटं लटकूनही तो निवांत खातो. कबुतराला बूड टेकायला सपाट जागा लागते. म्हणून भांडं उभं हवं. मी पाव इंची जाळीचा फूटभर उंच, चार इंच रुंद गोल करतो. खाली जाळीच्या मापाचंच झाकण, वर पावसासाठी उपडी ताटली. आत ज्वारी नाही, कच्चे शेंगदाणे. पाव इंचातून अख्खा दाणा बाहेर येत नाही, पोपटाला तो कुरतडूनच खावा लागतो. हे महत्त्वाचं, कारण पोपट म्हणजे उधळ्या जात. अख्खा दाणा हाती लागला की चार घास खाऊन उरलेला टाकणार, आणि त्या टाकलेल्यावर संध्याकाळी उंदीर-घुशी. खाली सांडलेलं मी रोज अंधार पडायच्या आत झाडतो. यात सुट्टी नाही, दिवाळीलाही नाही.

पावसाळ्यातले स्वस्त दाणे

"पाखरांनाच तर घालायचेत" असं म्हणून लोक वाण्याकडचा तळाचा माल उचलतात. फुटके, सुरकुतलेले, हिरवट बुरशी धरलेले. माझ्याकडूनही हे झालंय. एका जुलैत अर्धं पोतं दुकानाच्या माळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं. उघडलं तेव्हा कुबट वास आला. वरचे दाणे काढून टाकले आणि बाकीचे भरले. आठवड्याने कुंपणाच्या भिंतीवर एक पोपट पिसं फुगवून बसलेला दिसला. मी जवळ गेलो तरी हलला नाही. निरोगी रानपोपट माणसाला दहा फुटांच्या आत येऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. माझ्या दाण्यांनीच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण पोतं त्याच दिवशी परसात खड्डा करून पुरलं.

शेंगदाण्यावरची ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते सापडलंच मुळी पाखरांमुळे : १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, आणि माग काढत गेल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत निघाला. बुरशी पुसून, धुऊन, भाजून हे विष जाईल असं समजू नका. माझा नियम एकच : जो दाणा मी स्वतः तोंडात टाकणार नाही तो जाळीतही नाही. पावसाळ्यात एका वेळी मूठभरच भरतो, आणि दर रविवारी जाळी उतरवून गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवतो. ऊन नसेल तर जाळी रिकामी राहते. पोपट उपाशी मरत नाहीत. आपल्या आधीही ते जगत होते.

घासताना नाकाला फडकं बांधा आणि जाळी आधी ओली करा. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतूनही माणसाला ताप लागू शकतो.

दोरी, जाळी वगैरे

नायलॉनची दोरी वापरू नका. माझी दोन दिवसांत कातरली, आणि भरलेलं नळकांडं पहाटे सहाला तुळशीच्या कुंडीवर आदळलं. कुंडी फुटली ती फुटलीच, वर आईचे आठ दिवस बोल खाल्ले. साखळी घ्या, नाहीतर जाड तार. प्लास्टिकचे तयार डबे ऑनलाइन मिळतात, ते चिमण्या-मुनियांना ठीक, पोपट त्यांचा भुगा करतो. जीआय जाळी स्वस्त पडते, पण तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि पोपट जाळी चावत-चावतच चढतो. पिंजऱ्यातले पोपट जस्ताच्या विषबाधेने आजारी पडल्याचे प्रकार पशुवैद्यांना चांगले माहीत आहेत. मी स्टेनलेसचीच जाळी देतो. गिऱ्हाईक म्हणतं, दुकानदार महागाचं गळ्यात मारतोय. मारू दे की! जीआयच घ्यायची तर व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासून घ्या, आणि पांढरी भुकटी दिसली की टाकून द्या.

आणि शेवग्याच्या फांदीला काहीही टांगू नका. ती कडकन मोडते. आजीने सांगितलं होतं, तरी मी टांगलं होतं.

चार दिवसांत पोपट

आता उतावळ्यांबद्दल. चेन्नईच्या रायपेट्ट्यात जोसेफ सेकर म्हणून कॅमेरे दुरुस्त करणारे गृहस्थ गच्चीवर फळ्या मांडून भिजवलेला तांदूळ ठेवायचे आणि हजारोंनी पोपट यायचे. त्याचा व्हिडिओ लोक मला मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, "आपल्याकडे का नाही?" सुरुवात मूठभर पाखरांपासून झाली होती, थवा जमायला वर्षं गेली, आणि त्या माणसाचा सगळा दिवस त्या फळ्यांभोवती फिरायचा, हे त्या तीस सेकंदांत दिसत नाही. तेवढी तयारी असेल तर खुशाल ठेवा तांदूळ.

बाकीच्यांचं काय होतं? सोमवारी टांगलं. गुरुवारपर्यंत कोणी आलं नाही म्हणून आंब्यावरून पेरूवर. रविवारी पेरूवरून गच्चीच्या अँगलला. मध्ये एकदा लाल रंग दिला. पोपट भयंकर संशयी. नवी वस्तू दिसली की तो आधी दुरून बघतो, रोज बघतो. ती हलत नाही, तिच्याजवळ मांजर नाही, खारी आणि बुलबुल तिथे खाऊन सुखरूप परत जातात, एवढं पटलं की मग थव्यातला एखादा धीट पुढे होतो. माझ्याकडे नळकांडं टांगल्यावर पहिला पोपट तेविसाव्या दिवशी आला, आणि तोही दाणा न खाता नुसती साखळी चावून गेला. तुम्ही जागा बदललीत की त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एक उंच जागा निवडा, जवळ बसायला फांदी असू द्या, रोज ठरावीक वेळी भरा आणि घरात जा. खिडकीत मोबाइल धरून उभं राहणं म्हणजे काय, तर टक लावून बघणारी मांजरच की.

हिवाळ्यात गायब

पोपट यायला लागल्यावरचं गाऱ्हाणं जानेवारीत येतं : "बंदच झाले हो." अहो, रानात शाळू भरलाय. कोवळी कणसं सोडून तुमचे दाणे कोण खाईल? त्याच सुमाराला जोड्या झाडांच्या ढोल्या शोधायला लागतात, माद्या अंड्यांवर बसतात, गर्दी पातळ होते. दाणे बदलू नका, मसाला लावू नका, थांबा. माझा मामा तासगावकडे मका करतो. तो घरी आला की आंब्याखाली उभा राहून म्हणतो, "काय रं भाच्या, आमी तिकडं गोफण घिऊन हाकलतुय, आन् तू हितं जेवणावळी घालतुयास व्हय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी मळ्याला लागून राहणाऱ्यांना जाळी विकतो, सल्ला देत नाही.

एका-एका ओळीत

खारे दाणे, फरसाण, पाव, दूध : नाही.

मिरची घातली की पोपट बोलतो हे खोटं. पाखरांना मिरची तिखट लागतच नाही, म्हणून ती मिटक्या मारत खातात, एवढंच.

कापलेला पेरू सकाळी ठेवा, दुपारी काढा. रात्रभर ठेवलात तर मुंग्या मोजत बसाल.

पाणी मातीच्या पसरट परळात, रोज बदललेलं, मध्ये एक दगड.

भांडं काचेच्या खिडकीपासून एक तर हातभर अंतरावर ठेवा, नाहीतर चांगलं तीस फूट लांब. मधल्या अंतरावर पाखरं वेगात येऊन काचेवर आपटतात.

कंठी नाही म्हणजे मादीच, असं नाही. नराच्या गळ्यालाही कंठी यायला तीनेक वर्षं लागतात. त्यामुळे ज्यांना तुम्ही बायका म्हणताय त्यातली निम्मी पोरं असतील.

उन्हाळ्यात पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर उचलून पिंजऱ्यात घालू नका. रानपोपट धरणं आणि पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिल्लाला पिसं आली असतील तर उंच फांदीवर ठेवून मांजरीला हाकला, जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा. "आम्ही नीट सांभाळू" म्हणणारे माझ्याकडे पिंजऱ्याची जाळी मागायला येतात. मी ती देत नाही.

राहता राहिली वाळवणं. ही चूक माझ्या डोक्यात कधी आलीच नसती. एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी गच्चीवर ब्याडगी मिरच्या पसरल्या होत्या. माझ्याकडे नाश्ता उरकून सगळा थवा तिकडे गेला आणि एकेक मिरची पायात धरून, टोक फोडून, बिया खाऊन टरफलं टाकत बसला. काकूंनी टरफलं पिशवीत भरून माझ्या दारात आणून ठेवली, वर एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोन किलो ब्याडगी भरून दिली. तेव्हापासून मार्च लागला की आधी त्यांना विचारतो, "काकू, वाळवण कधी?" आणि त्या सांगतील तेवढे दिवस जाळी उतरवून माळ्यावर ठेवतो.