मुलांना माणसाच्या अंतराळप्रवासाचा इतिहास कसा सांगावा

अंतराळाचा इतिहास म्हटलं की आपण ‘पहिला कोण’ची यादी काढतो. अंतराळात पहिला गागारिन, चंद्रावर पहिला आर्मस्ट्राँग, पहिला भारतीय राकेश शर्मा. सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला पडलेले प्रश्न वेगळेच असतात. तिथे श्वास कसा घेतात? शू लागली तर? आणि परत येता आलंच नाही तर? माझ्या मते इतिहास याच प्रश्नांचं बोट धरून सांगायला हवा.

आधी गच्चीवर न्या

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोफत सेवेत आपल्या भागातल्या वेळा मिळतात. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी, न लुकलुकता सरकत जाणारा ठळक ठिपका शोधा. काही मिनिटांतच तो दिसेनासा होतो. पावसाळा सोडून कधीही बघा. ठिपका दिसला की एवढंच सांगा, “त्यात आत्ता माणसं आहेत.” नोव्हेंबर २००० पासून ते स्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही.

मग अंतर मोजायला लावा

क्रिकेटचा चेंडू म्हणजे पृथ्वी धरली, तर चंद्र साधारण बोराएवढा होतो. बोर मुलाच्या हातात द्या आणि चंद्र कुठे ठेवायचा ते त्यालाच ठरवू द्या. नंतर टेपने मोजून खरी जागा दाखवा: चेंडूपासून दोन मीटरहून थोडं लांब. आणि स्थानक? ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, म्हणजे चेंडूपासून जेमतेम सव्वादोन मिलिमीटरवर! १२ एप्रिल १९६१ ला गागारिन गेला तो त्याहूनही खालून. १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून तो परत आला. तिथून आठ वर्षांत माणूस त्या बोरावर उतरला, ही झेप केवढी मोठी होती ते आता वेगळं समजवावं लागत नाही.

एकच गोष्ट निवडा, पण ती सावकाश सांगा

मी अलेक्सी लिओनोवची निवडेन. १८ मार्च १९६५ ला हा रशियन अंतराळवीर यानाबाहेर पडला आणि सुमारे बारा मिनिटं मोकळ्या अंतराळात तरंगला. बाहेर हवा नाही, त्यामुळे आतल्या हवेच्या दाबाने त्याचा पोशाख फुगून ताठ झाला. बोटं हातमोज्यांतून सुटायला लागली, आणि यानात शिरायचं दार तर अरुंद. शेवटी त्याने झडप उघडून पोशाखातली थोडी हवा सोडली आणि कसाबसा आत शिरला.

इथे थांबा. एक रबरी हातमोजा फुगवून तोंड घट्ट बांधा आणि मुलाला त्याची बोटं वाकवायला सांगा. दाबून वाकवलेलं बोट सोडताच पुन्हा सरळ होतं. मग विचारा, “तू असतास तर हवा सोडली असतीस का?” हवा कमी केली तर जिवाला धोका, नाही केली तर आत जाता येत नाही. मुलांना यावर भरपूर वाद घालू द्या.

मृत्यू लपवू नका

१९५७ मध्ये स्पुटनिक-२ मधून गेलेल्या लायका कुत्रीला परत आणायची सोयच नव्हती. काही तासांतच ती उष्णतेने मेली. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलासह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा निघून डाव्या पंखावर आदळला होता. मूल लहान असेल तर थोडक्यात सांगा, पण खरं सांगा आणि कारणासकट सांगा. ‘ते तारे झाले’ असं सांगून त्याचा प्रश्न सुटत नाही. रडू आलं तर येऊ द्या.

सनावळी सगळ्यात शेवटी

सात मीटर दोरी बांधा. एका वर्षाला दहा सेंटिमीटर धरा आणि १९५७ पासून चिमट्यांनी चिठ्ठ्या लावत चला. त्यात मुलाचं स्वतःचं आणि जमलं तर आईबाबांचं जन्मवर्षही घाला. आजी-आजोबांनाही विचारा: १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात? अपोलो-११ चे तिघे अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत आले होते, तेव्हा घरातलं कुणी त्यांना पाहायला गेलं होतं का? मिळेल ती आठवण त्यांच्याच शब्दांत लिहून त्या वर्षाला लटकवा.

गागारिन आणि आर्मस्ट्राँग यांच्यात ऐंशी सेंटिमीटर भरतील. राकेश शर्मांपासून शुभांशू शुक्लांपर्यंत, म्हणजे १९८४ ते २०२५, चार मीटरहून जास्त. एवढं अंतर का, असं मूल विचारेलच. सांगा, की दोघेही दुसऱ्या देशांच्या यानातून गेले. माणसाला नेणारं स्वतःचं यान आपल्याकडे नव्हतं. त्यासाठीच इस्रोने गगनयान हाती घेतलं आहे. त्याच्या चिठ्ठीसाठी दोरीचं टोक थोडं लांब सोडा.